देवीची टोंचणी आणि आईबापांचा नकार

रोग, देवता आणि रोगावरील उपाय या तिघांनाहि एकच शब्द पुरावा, असा प्रकार भाषेंत विरळाच. मराठींत तो घडला आहे. मुलाला 'देवी आल्या' म्हणजे रोग झाला. घरांत आली ती साक्षात् देवी. आणि 'देवी काढणें' म्हणजे लस टोंचून घेणें. खेडोपाडीं फिरणाऱ्या टोंचणाऱ्यास लोक 'देवीडॉक्टर' म्हणत. सोलापुराहून विजापूरकडे जातांना सीना ओलांडल्यावर आणि भीमा येण्यापूर्वीं मंद्रूप लागतें. त्या मुलखांत मराठी व कानडी या भाषा एकाच ओसरीवर नांदतात. कानडींत या रोगास 'सिडुबु' असें निराळें नांव असलें, तरी घरच्या बोलण्यांत तीहि 'अम्मा'च.

पाहुणी म्हणून आलेल्या देवीचा मान राखावयाचा, तिला सुईनें अडवावयाचें नाहीं, ही समजूत आज आपणांस भाबडी वाटते. परंतु तिच्या पोटांत थोडें शहाणपणहि होतें. दारावर कडुनिंबाचा डहाळा बांधीत, घरांत फोडणी देत नसत, बाहेरच्या माणसास आंत घेत नसत. डहाळा दिसला कीं शेजारीण उंबऱ्यावरूनच परत फिरे. आजचें विलगीकरण याहून फारसें वेगळें नाहीं. दहा रोग्यांपैकीं सुमारें तीन मरत, वांचलेल्यांच्या तोंडावर जन्माचे वण राहत, कित्येकांचे डोळे जात. अशा रोगापुढें वैद्याजवळ तरी दुसरें काय होतें?

नवी टोंचणी आपल्या इलाख्यांत आली ती मुंबईमार्गें. जेन्नरनें १७९६ सालीं इंग्लंडांत गायीच्या देवीची लस एका मुलास टोंचली. ती लस बगदाद व बसरा या वाटेनें मुंबईस पोंचली, आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांतील ही पहिली यशस्वी टोंचणी. तेथून लस पुण्यास, सुरतेस, हैदराबादेस गेली. 'गेली' हा शब्द सोपा आहे; पण ती गेली मुलांच्या दंडांवरून. एकास टोंचावयाचें, आठव्या दिवशीं त्याचा फोड भरला कीं तो उघडून त्यांतील रस दुसऱ्याच्या दंडांत घालावयाचा, अशी ती सांखळी होती. टोंचलेलें मूल आठवड्यानें पुन्हां हजर करावें लागे, प्रसंगीं परगांवीं न्यावें लागे. आई म्हणे, माझ्या पोराचा फोड परक्यासाठीं कां उघडूं देऊं? आणि घेणाऱ्या घरीं विचारीत, हा रस कोणत्या जातीच्या अंगांतला? पहिला प्रश्न ममतेचा, दुसरा जातीच्या अहंकाराचा. दोहोंस एकाच मापानें मोजूं नये. शिवाय दंडावरून दंडावर दुसरे रोग जातील ही भीति निराधार नव्हती. इटलींतील रिवाल्टा गांवीं १८६१ सालीं याच रीतीनें मुलांत उपदंश पसरला होता.

सरकारनें उत्तर दिलें तें कायद्यानें. मुंबई शहरासाठीं १८७७ सालीं सक्तीचा कायदा झाला, जिल्ह्यांसाठीं १८९२ सालीं. खरें उत्तर मात्र वासराच्या अंगावर वाढविलेल्या लसीनें दिलें. बेळगांवच्या संस्थेंत ती इलाख्यासाठीं तयार होऊं लागली, आणि एकाचा दंड दुसऱ्यासाठीं उघडण्याची गरज उरली नाहीं. गोवंशास इजा होते म्हणून तिलाहि हरकत घेणारे निघाले, हें ओघानें आलेंच.

हा विरोध केवळ आपल्याकडचा, असेंहि समजूं नये. इंग्लंडांतील लेस्टर शहरीं १८८५ सालीं सक्तीविरुद्ध प्रचंड मिरवणूक निघाली, आणि १८९८ सालीं पार्लमेंटानें मनोदेवतेस न पटणाऱ्या आईबापांस सूट दिली. महात्मा गांधींचाहि देवी काढण्यास विरोध होता.

आपल्याकडे प्रकरण बिघडलें तें प्लेगाच्या सांथींत. पुण्यांत १८९७ सालीं सोजिरांनीं घरांत शिरून झडत्या घेतल्या. ज्या सरकारनें देवघराबाहेर जोडे काढले नाहींत, त्याच्या सुईवर विश्वास कोण ठेवणार? हाफकिननें प्लेगाची लस १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली होती, तिकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. पुढें १९०२ सालीं पंजाबांत मुल्कोवाल येथें एका दूषित बाटलीमुळें १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. हाफकिन निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडावें लागलें. चौकशीस पांच वर्षें लागतात, अफवेस पांच दिवसहि लागत नाहींत.

नकारामागें अशीं कारणें होतीं, आणि तीं समजून घेणें इतिहासाचें काम आहे. पण देवीचा विषाणु कारणें विचारीत नसे. तो फक्त माणसांतच जगे; न टोंचलेलें प्रत्येक मूल ही त्याची पुढची पायरी होती, मग तें मूल नाकारणाऱ्याचें असो कीं शेजाऱ्याचें. पायऱ्या संपल्या तेव्हांच तो संपला. भारतांत १९६२ सालीं निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला, १९७४ सालीं बिहारांत भयंकर सांथ आली, मग घरोघर रोगी शोधून त्यांच्या भोंवतालच्यांस टोंचण्यांत आलें. शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यांत सांपडला, आणि ८ मे १९८० रोजीं सगळें जग देवीमुक्त झाल्याचें जाहीर झालें.

गोवराची गोष्ट अजून चालू आहे. २०२२ च्या हिवाळ्यांत मुंबईंतील गोवंडी, तसेंच मालेगांव व भिवंडी येथें गोवराची सांथ येऊन बालकें दगावलीं. बाधितांत न टोंचलेलीं वा अर्धवट टोंचलेलीं मुलें पुष्कळ होतीं. सर्वांच्याच आईबापांनीं नकार दिला होता असें नव्हे. कोविडच्या काळांत कित्येकांचे डोस चुकले. पण २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेच्या सुमारास देशांत ठिकठिकाणीं, ही लस मुलांना वांझ करते अशी वावडी उठली होती. तिला कसलाहि आधार नव्हता, तरी ती ऐकून दार लावणारेहि होते.

देवीहून गोवर कितीतरी पटींनीं सांसर्गिक. एक रोगी बारा ते अठरा अरक्षित माणसांस तो देऊं शकतो, म्हणून शंभरांतील पंचाण्णव मुलें टोंचलेलीं असलीं तरच सांथ थांबते. पहिला डोस नऊ महिने पुरे झाल्यावर देतात. तोंवर तान्ह्या मुलाचें रक्षण इतरांच्या दंडांवर अवलंबून असतें. दक्षिण सोलापुरांत गाळपाचा हंगाम लागला कीं ऊसतोडणीच्या टोळ्या फडाशेजारीं कोप्या घालून राहतात. त्या कोपींतल्या थोरल्या भावंडाचा डोस मागच्या मुक्कामीं राहून गेलेला असूं शकतो, आणि झोळींतल्या धाकट्याचें लस घेण्याचें वय अजून झालेलें नसतें.