खुर्ची सोडून वर्गात गेलेला संचालक



शाळेला नवे मुख्याध्यापक आले की पहिल्या आठवड्यात आपण काय पाहतो? टेबल कोठे सरकवले, वेळापत्रक कोणी बदलले, शिपायाला किती वेळा हाक गेली. त्यांच्या मनात काय आहे ते कळायला वर्षे लागतात. कधी कधी तर ते जातात तेव्हाच कळते. अशाच एका प्रमुखाची हकीगत आज सांगायची आहे. संस्था अहमदाबादची, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट.

डिसेंबर १९६१ मध्ये ही संस्था स्थापन झाली. केंद्र सरकार, नवे गुजरात राज्य आणि गिरणीमालक यांनी मिळून ती उभी केली. डॉ. विक्रम साराभाई हे तिचे पहिले मानद संचालक. शिकवण्याची रीत अमेरिकेच्या हार्वर्ड बिझनेस स्कूलकडून आली. तुमच्यापैकी कोणी कधी अहमदाबादला गेलात तर सिदी सय्यद मशिदीची दगडी जाळी अवश्य पाहा. १५७२-७३ च्या सुमाराची ही मशीद एका हबशी सरदाराने बांधली. तिच्या जाळीतील नाजूक फांद्यांच्या झाडावरूनच या संस्थेचे बोधचिन्ह घेतलेले आहे.

मागे एका पालकांनी मला विचारले, "सर, धंदा काय पुस्तकातून येतो? आमचे वडील तर दुकानातच शिकले." प्रश्न अगदी रास्त आहे. हार्वर्डमध्ये १९१९ साली वॉलेस डोनहॅम हे नवे डीन झाले, तेव्हा त्यांच्यापुढेही काहीसा असाच प्रश्न होता. ते स्वतः वकिलीचे शिक्षण घेतलेले आणि बँकेत मुरलेले. कायद्याचे विद्यार्थी जुने खटले वाचून वाद घालीत शिकतात, मग व्यापाराचे विद्यार्थी तसे का शिकू नयेत, असा विचार करून त्यांनी ही पद्धत आपल्या शाळेत सर्वत्र रुजवली. समजा, चपलांच्या दुकानात माल पडून आहे, उधारी थकली आहे आणि समोरच नवे दुकान निघाले आहे. मालकाने काय करावे? गुरुजी उत्तर सांगत नाहीत. मुलांनी आपापसांत भांडावे, चुकावे आणि आपला निर्णय पटवून द्यावा. म्हणजे पालकहो, तुमच्या वडिलांचे दुकानच वर्गात आणले की नाही?

१९६५ मध्ये रवी मथाई हे या संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले. वय अवघे अडतीसच्या आसपास. माजी अर्थमंत्री डॉ. जॉन मथाई यांचे ते चिरंजीव. ऑक्सफर्डला शिकून त्यांनी उद्योगात नोकरी केली, नंतर कलकत्त्याच्या व्यवस्थापन संस्थेत प्राध्यापकी केली. असा माणूस आला की हुकमाचा कारभार सुरू होणार, असे आपल्याला वाटेल. झाले उलटेच. संचालक हा साहेब नव्हे, बरोबरीच्या सहकाऱ्यांतील एक, अशी त्यांची धारणा होती. काय शिकवायचे, कोणाला प्रवेश द्यायचा, हे प्राध्यापकांनी एकत्र बसून ठरवावे. बाहेरच्या दडपणापासून त्यांना मोकळे ठेवणे हे संचालकाचे काम. मोकळीक दिली की चुका होतात, वेळही जातो; तो खर्च त्यांनी मान्य केला होता. व्यवस्थापन केवळ कारखान्यांसाठी नाही, शेती, शिक्षण, आरोग्य यांनाही ते हवे, हाही त्यांचा आग्रह होता.

आणि मग १९७२ साल. संस्थेचे नाव देशभर झालेले, वय पंचेचाळीस. मथाईंनी स्वतःहून संचालकपद सोडले. बरे, सोडून कोठे गेले? मोठ्या पगारावर मुंबईला? नाही. त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले आणि सॅम्युअल पॉल नवे संचालक झाले. काल ज्या सहकाऱ्याच्या अर्जावर आपण सही करीत होतो, त्याच्याकडे आज आपला अर्ज द्यायचा! मी शिक्षक आहे. ही गोष्ट किती अवघड असते ते मला ठाऊक आहे. एका शाळेत निवृत्त मुख्याध्यापकांची खुर्ची वर्षभर कोणाला हलवू दिली नव्हती, तेही मी पाहिले आहे. एका माणसावाचून अडणारी संस्था ही अजून संस्था झालेलीच नाही, असे मथाई मानीत असावेत. निदान त्यांचे वागणे तरी तेच सांगते.

मोकळे झालेले मथाई १९७५ च्या सुमारास राजस्थानात, तेव्हाच्या अजमेर जिल्ह्यातील जवाजा भागात जाऊ लागले. पाऊस कमी, जमीन रुक्ष. पण तेथे विणकर होते, कातडे कमावणारे व चामड्याच्या वस्तू करणारे होते. अहमदाबादच्याच राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील मंडळी सोबत आली. शहरात खपतील असे गालिचे आणि पिशव्या कारागीर करू लागले. माल बनवणे त्यातल्या त्यात सोपे होते. हिशेब ठेवणे, भाव ठरवणे, गिऱ्हाइकाशी बोलणे, आपसांतील तंटे मिटवणे, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या हाती राहिलेल्या माणसांनी स्वतः शिकायचे होते. त्यांना कायमचा आधार होऊन बसायचे नाही, हे मथाईंनी येथेही ठरवले होते. १९८४ मध्ये ते वारले. जवाजाच्या कारागिरांची संघटना त्यांच्यामागेही गालिचे विणीत आणि चामड्याच्या पिशव्या शिवीत राहिली.