सहाशे बाटल्या आणि एक कलम

मी दारू पीत नाही. आमच्या घरात ती कधी आलीच नाही. पण कविता करणारा माणूस, त्यातून मुसलमान आणि गझलेचा शौकीन म्हटला, की लोकांची समजूत वेगळीच असते. कविसंमेलनात कुणीतरी हटकून विचारतो, 'काय, आज साकी-पैमाना नाही का?' मी हातातला चहाचा कप दाखवतो. असा माणूस आज फ्रेंच लाल वाइनची गोष्ट सांगतोय म्हटल्यावर आपण म्हणाल, कोल्ह्याला द्राक्षं आंबट! खुशाल म्हणा. ही गोष्ट चवीची नाही, द्राक्षवेलीच्या मुळांची आहे.

१३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये सोदबीजच्या लिलावात वाइनची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. त्या वेळच्या दरानं चार कोटी रुपयांच्या वर. लिलाव करणाऱ्यांनी स्वतः अंदाज धरला होता, जास्तीत जास्त ३२ हजार डॉलरचा. तोपर्यंत लिलावात वाइनच्या कुठल्याही बाटलीला एवढी किंमत आली नव्हती. बाटलीवर नाव होतं रोमाने-कोंती आणि साल होतं १९४५.

रोमाने-कोंती हे एका बागेचं नाव. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात व्होन-रोमाने नावाचं छोटं गाव आहे, त्याच्या उतारावर ही बाग. क्षेत्र किती? अवघं साडेचार एकर. आपल्याकडे एवढी जमीन असलेला शेतकरी स्वतःला अल्पभूधारक म्हणवून घेतो. पण या तुकड्यासाठी मोठमोठे लोक झुरले. मध्ययुगात तो मठातल्या साधूंच्या ताब्यात होता. १७६० साली कोंतीच्या राजपुत्रानं तो विकत घेतला. पुढे राज्यक्रांती झाली, बाग सरकारजमा झाली आणि १७९४ साली लिलावात विकली गेली. मालक बदलत राहिले, वेली मात्र त्याच राहिल्या. कारण तिथे नवीन रोपं लावतच नसत. जुन्या वेलीची फांदी वाकवून मातीत पुरायची, तिला मुळं फुटली की ती नवी वेल. आपण ज्याला दाबकलम म्हणतो, तेच. पिढ्यान्‌पिढ्या ती बाग अशी स्वतःतूनच उगवत आली होती.

मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सवर संकट आलं. दक्षिणेकडच्या बागा काही कारण न दिसता वाळू लागल्या. मेलेली वेल उपटून पाहावी, तर मुळाशी काहीच नाही. १८६८ साली ज्यूल-एमिल प्लाँशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी मेलेल्या वेलीशेजारची जिवंत वेल उपटली. तिच्या मुळांवर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे पिवळे किडे चिकटलेले होते. वेल मेली, की हे किडे शेजारच्या वेलीवर जात. त्यांचं नाव फिलॉक्सेरा. अमेरिकेहून हौसेनं मागवलेल्या द्राक्षरोपांबरोबर ते आले होते.

सरकारनं उपायासाठी तीन लाख फ्रँकांचं बक्षीस लावलं. कुणी बागेत पाणी कोंडून ठेवलं, कुणी जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचलं. तिसरा उपाय निघाला तो कलमाचा. अमेरिकन वेलींची मुळं हा किडा सोसू शकत होती. तेव्हा खुंट अमेरिकेचा घ्यायचा आणि त्यावर फ्रेंच वेलीची काडी बांधायची. जिथून रोग आला, तिथूनच औषध.

हे ऐकून फ्रान्समध्ये मोठा वाद पेटला. परकी मुळं आपल्या मातीत घातली तर आपल्या वाइनची चव बिघडेल, जात बाटेल, असं म्हणणारे थोडेथोडके नव्हते. पण बागा मरत होत्या. हळूहळू एकेक मालक कलमाकडे वळला आणि जवळपास सगळा फ्रान्स अमेरिकन मुळांवर उभा राहिला.

रोमाने-कोंतीचे मालक मात्र वळले नाहीत. त्यांनी वर्षानुवर्षं जमिनीत औषध टोचून आपल्या मूळच्या वेली जगवल्या. खर्च अफाट, मेहनत त्याहून अफाट. मग दुसरं महायुद्ध आलं. औषध मिळेना, माणसं मिळेनात. वेली थकत गेल्या. १९४५ च्या वसंतात थंडीनं पालवी जळाली, वर गाराही पडल्या. युद्ध संपल्यावरच्या त्या पहिल्या हंगामात साडेचार एकरांतून जेमतेम दोन पिंपं वाइन निघाली, म्हणजे सहाशे बाटल्या. त्यानंतर जुन्या वेली उपटून टाकल्या. १९४७ साली शेजारच्याच ला ताश बागेतल्या काड्या अमेरिकन खुंटावर बांधून नवी लागवड झाली. १९४६ ते १९५१ या सालांची रोमाने-कोंती नाहीच. पुढची बाटली आली ती १९५२ ची.

तर न्यूयॉर्कमध्ये विकली गेली ती त्या शेवटच्या सहाशेंपैकी एक. चार कोटी मोजणारा माणूस नुसती वाइन घेत नव्हता. आपल्याच मुळांवर उभ्या असलेल्या बागेचा शेवटचा श्वास विकत घेत होता.

गोष्ट इथे संपली असती, तर ती शुद्धतेची शोकांतिका ठरली असती. पण १९५२ नंतरचं काय? परक्या मुळांवरची रोमाने-कोंती आज जगातल्या सर्वांत महागड्या वाइनमध्ये गणली जाते. वर्षाला सरासरी पाच-सहा हजार बाटल्या निघतात आणि त्यांसाठी जगभरचे संग्राहक रांगेत असतात. तिला कुणी अमेरिकन म्हणत नाही. ती बर्गंडीचीच आहे.

हे वाचलं तेव्हा मला तासगाव तालुक्यातला माझा शाळासोबती आठवला. त्याच्या बागेत एकदा तो वाकून वेलीचा बुंधा दाखवत म्हणाला, ''हा खुंट डॉगरिजचा, अमेरिकेचा. पाणी कमी पडू दे, खारं लागू दे, दम धरतो. वर आपली तास-ए-गणेश.'' आपल्याकडे कारण किड्याचं नाही, दुष्काळाचं आणि खारपड जमिनीचं. पण युक्ती तीच. मी विचारलं, ''मग ही द्राक्षं कुठली म्हणायची?'' तो हसला. ''कुठली म्हणजे? तासगावची!''

मला लोक कौतुकानं म्हणतात, 'तुम्ही मुसलमान असून किती शुद्ध मराठी लिहिता!' त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून मी गप्प बसतो. पण मनात येतं, 'द्राक्षबाग' या साध्या शब्दातलं द्राक्ष संस्कृतातलं आणि बाग फारसीतली. हा जोड कुणी केव्हा बांधला, त्या बागेत राबणाऱ्याला ठाऊक नाही आणि त्यावाचून त्याचं अडतही नाही. माझ्या आईनं मला अंगाई उर्दूत म्हटली आणि भाकरी मराठीत वाढली. यातला खुंट कुठला आणि काडी कुठली, हे मला आजवर सांगता आलेलं नाही.

आणि त्या जोडाला आपण म्हणतो काय? कलम! उर्दूत कलम म्हणजे लेखणी. मी जिनं लिहितो, ती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)