अंगणातून सरकारदरबारी

आज हिंदुस्थानातील कोणत्याही खेड्यात जाऊन ‘अंगणवाडी कोठे आहे?’ असे विचारले, तर बोट दाखविणारा कोणी ना कोणी भेटल्यावाचून राहत नाही. शब्द आता पुरता सरकारी झाला आहे. त्याच्याभोवती परिपत्रके, नोंदवह्या आणि अहवाल यांचे दाट रान माजले आहे. परंतु तो मूळचा सरकारी नव्हे. तो जन्मास आला त्या वेळी त्याचा अर्थ अगदी अक्षरशः घ्यावयाचा होता: मूल शाळेत येत नाही, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. या साध्या कल्पनेतून सरकारने पुढे काय उचलले आणि काय वाटेत टाकले, याची हकीकत सांगण्याचा येथे विचार आहे. मात्र ती सांगण्याकरिता प्रथम ठाणे जिल्ह्याच्या रानात न जाता मुंबईच्या गिरणगावात जावे लागते. कारण सहा वर्षांखालचे मूल सरकारच्या नजरेस प्रथम पडले ते आईच्या कडेवर, गिरणीच्या दारात.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबई सरकारने गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या स्थितीची चौकशी करविली. हे काम डॉ. बार्न्स या बाईंकडे सोपविले होते आणि त्यांचे निष्कर्ष १९२२ साली सरकारच्या मजूरविषयक मासिकात प्रसिद्ध झाले. त्यांतील एक आकडा वाचून आजही मन दचकते. कामकरी स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जात असे! बाजारात ती ‘बाळगोळी’ या लाडक्या नावाने मिळे. या आयांना निर्दय म्हणणाऱ्यांची त्या काळी उणीव नव्हती. परंतु दहा तास यंत्रापुढे उभे राहावयाचे, चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत मूल ठेवावयाचे आणि सांभाळावयास कोणी नाही, अशा स्थितीत त्या बाईने दुसरे काय करावे, हे सांगावयास मात्र कोणी पुढे येत नसे. बाळगोळी हेच त्या काळचे पाळणाघर होते.

या चौकशीच्या पाठोपाठ प्रसूतिभत्त्याचा प्रश्न कायदेमंडळापुढे आला. मध्यवर्ती कायदेमंडळात ना. म. जोशी यांनी केलेला प्रयत्न फसला. मुंबई प्रांताने मात्र १९२९ साली कायदा केला आणि बाळंतपणापूर्वीचे व नंतरचे मिळून सात आठवडे, मुंबई शहरात रोजी आठ आणे, असा भत्ता मालकाने द्यावा असे ठरविले. त्या आधी, १९२८ च्या जुलैमध्ये, या विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी जी भूमिका घेतली ती विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रजेच्या कल्याणाची जपणूक हे मूलतः सरकारचे काम असल्यामुळे या भत्त्याचा भार पुष्कळ अंशी सरकारनेच उचलावयास हवा, हे त्यांनी मान्य केले. परंतु सरकार तो उचलीत नाही, आणि स्त्रीच्या श्रमाचा लाभ तर मालकास मिळतो, तेव्हा तूर्त मालकाने द्यावा हेच रास्त, असे त्यांचे म्हणणे होते. मूल कोणाचे, आईचे, मालकाचे की सरकारचे, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे आमच्याकडे प्रथमच विचारला गेला असावा. उत्तर निघाले ते तडजोडीचे.

पाळणाघराच्या बाबतीतही तीच तडजोड झाली. १९३४ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांकरिता एक खोली राखून ठेवण्याची सक्ती करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. १९४८ च्या कायद्याने पाळणाघराची तरतूद सर्वत्र लागू केली आणि १९७६ साली पन्नासांचा आकडा तिसांवर आला. मोजणी स्त्रियांची होती, मुलांची नव्हती. त्यामुळे तिसांपेक्षा अधिक बायका ठेवल्या नाहीत की मालक मोकळा! शिवाय शेतात, विटभट्टीवर, रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाईचे मूल या हिशेबात कोठेच बसत नव्हते. २०१७ च्या दुरुस्तीने स्त्रीपुरुष मिळून पन्नास नोकर असतील तेथे पाळणाघराची सोय सक्तीची केली, ही सुधारणा खरी; परंतु त्यासाठी जवळजवळ नव्वद वर्षे जावी लागली आणि विटभट्टी तशीच बाहेर राहिली.

गिरणगावात मूल ही एक अडचण म्हणून मोजली जात होती. मूल हे मूल म्हणून पाहणारा प्रवाह अगदी निराळ्या ठिकाणी उगम पावला. भावनगर येथे वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले आणि १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाई या प्रार्थनासमाजी केळकरांच्या घरातल्या, पदवीधर आणि स्वतंत्र बाण्याच्या. दोघांनी माँटेसरी बाईंची पद्धत अभ्यासिली, ती हिंदी वातावरणात रुजविली आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाई मुंबईस आल्या व दादरला त्यांनी शिशुविहार काढले. मध्यमवर्गाच्या मुलांस त्याचा मोठाच लाभ झाला. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी त्या पिढीची आठवण असेल. परंतु ताराबाईंचे समाधान झाले नाही. हे सारे ज्यांना परवडते त्यांच्यासाठीच चालले आहे, ही टोचणी त्यांना लागून राहिली.

१९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य अशा सुरुवातीतून ही स्त्री शिकली, शिक्षिका झाली आणि उरलेले सारे आयुष्य या एका कामात घालविती झाली. ज्या वर्षी या दोघींनी बोर्डीत बिऱ्हाड केले त्याच वर्षी लगतच्या रानात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव चालू होता. ज्या समाजात बाप सावकाराच्या शेतावर फुकट राबतो त्या समाजातल्या चार वर्षांच्या मुलाने बालवाडीत येऊन रंगीत ठोकळे रचावेत, ही अपेक्षाच मुळी विचित्र वाटावी. आणि झालेही तसेच. बालवाडी उघडली, पण पाड्यावरची मुले आली नाहीत.

येथे या बायांचे मोठेपण दिसते. मुले येत नाहीत म्हणून पालकांना दोष देणे हा आपल्याकडचा जुना आणि सोपा मार्ग. तो त्यांनी पत्करिला नाही. त्या स्वतः पाड्यांवर गेल्या. कोणाच्या तरी झोपडीपुढची जागा झाडून घ्यावयाची, मुलांना आंघोळ घालावयाची, नखे कापावयाची, मग गाणी, गोष्टी आणि खेळ, असा क्रम सुरू झाला. माँटेसरी पद्धतीची साधने महाग आणि परदेशी घडणीची. त्यांच्या जागी शंख, शिंपले, बिया, पाने आणि खडे आले. मोजावयास शिकण्याकरिता चिंचोके कोणत्याही लाकडी मण्यांइतकेच चांगले, हे त्यांनी दाखवून दिले. गावात एक मध्यवर्ती बालवाडी आणि पाड्यापाड्यांवर तिच्या या अंगणातल्या शाखा, अशी ती रचना. अंगणवाडी हे नाव येथले.

काम वाढले तशी आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली, आणि आमच्या मते या सर्व इतिहासातील ती सर्वांत मोलाची होय. आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? तर तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ असतो. त्या भावास कोणी घेतल्याखेरीज ती अक्षर शिकणार नाही. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग ही तिन्ही एकाच छपराखाली आणण्याचा प्रयोग झाला. त्यास विकासवाडी म्हणत. गुरे राखणाऱ्या मुलांकरिता कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरत असतील तेथेच वर्ग. पुढे हे सारे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. मूल एकटे नसते, त्याच्या कडेवर दुसरे मूल असते, हे ज्ञान दिल्लीतल्या कोणत्याही समितीस सुचले नव्हते. १९४४ च्या सार्जंट योजनेत तीन ते सहा वर्षांच्या दहा लाख मुलांची सोय करावी असे लिहिले होते. ते कागदावरच राहिले.

स्वराज्य आल्यावर समाजकल्याण मंडळामार्फत बालवाड्यांना थोडीथोडी अनुदाने मिळू लागली. खरी उडी मात्र १९७५ च्या गांधी जयंतीस पडली. त्या दिवशी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि गावोगावच्या तिच्या केंद्रास नाव दिले अंगणवाडी. ताराबाई त्यापूर्वी दोन वर्षे, १९७३ साली, निवर्तल्या होत्या. योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, दवाखान्याकडे पाठवणी, मातांस आहारविषयक शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा होत्या. ‘एकात्मिक’ हा शब्द कोसबाडास शोभणाराच होता. व्यवहारात काय झाले? आहार मोजता येतो, वजन मोजता येते, लस मोजता येते. गाणे आणि गोष्ट मोजता येत नाही. जे मोजता येत नाही ते सरकारी वहीत मागे पडते. शिवाय केंद्र दिवसातून थोडेच तास उघडे, त्यामुळे मजुरीस गेलेल्या आईचा आणि त्या आठ वर्षांच्या बहिणीचा प्रश्न होता तेथेच राहिला.

आहाराचे महत्त्व आम्ही मुळीच कमी लेखीत नाही. १९९२ साली अनुताईंचे निधन झाले आणि त्याच सुमारास त्याच जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत, आदिवासी मुले कुपोषणाने दगावल्याची बातमी साऱ्या महाराष्ट्रास ऐकावी लागली. अंगणवाडी जेथे जन्मली तेथून हे गाव फार दूर नाही. २००१ पासून सर्वोच्च न्यायालयाने अन्नहक्काच्या खटल्यात एकामागून एक हुकूम दिले, २००६ मध्ये अंगणवाड्यांची संख्या चौदा लाखांवर नेण्यास सांगितले, आणि २०१३ च्या कायद्याने सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचा आहार हा हक्क झाला. येथवर सरकारने आपले कर्तव्य, न्यायालयाने कान धरल्यावर का होईना, ओळखले असे म्हणावे लागते.

परंतु अन्नाचा हक्क मिळाला म्हणून शिकण्याचा मिळाला असे नव्हे. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षे पुरी होईपर्यंतच्या मुलांचा उल्लेख होता. वयाची खालची मर्यादा त्यात घातलेली नव्हती. २००२ साली शिक्षण हा मूलभूत हक्क झाला तेव्हा ती मर्यादा आली: सहा ते चौदा. सहाच्या आतल्यांसाठी राज्य ‘प्रयत्न करील’ एवढेच शब्द उरले. वकिलास या दोहोंतला फरक सांगावयास नको. ज्या हक्कासाठी न्यायालयात जाता येते तो निराळा आणि ज्याची केवळ आशा धरावयाची तो निराळा.

या रेषेचा सर्वांत कठोर आघात ज्या मुलांवर झाला त्यांचा उल्लेख आपल्याकडे बहुधा शेवटी होतो, आणि आम्हीही तेच केले आहे हे कबूल करणे भाग आहे. ऐकू न येणारे, दृष्टी नसलेले, उशिरा बोलणारे अथवा ज्याची बुद्धी मंद गतीने वाढते असे मूल. मुंबईत बहिऱ्या-मुक्यांची आणि अंधांची शाळा एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या संधीकाळीच निघाली होती, मतिमंद मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ मध्ये निघाली. पण ती सारी कामे मिशनऱ्यांची, दानशूरांची आणि आईबापांची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला तोही सहाव्या वर्षापासून. ज्या मुलास ऐकू येत नाही त्याची भाषा पहिल्या दोनतीन वर्षांतच घडावयाची किंवा बिघडावयाची असते, हे कोणताही डॉक्टर सांगेल. म्हणजे उपाय लागू पडण्याचा काळ हक्काबाहेर आणि तो काळ सरल्यावर हक्क! कायद्याने वर्षातून एकदा सर्व मुलांची तपासणी करावी असे म्हटले आहे. त्या आधीच, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला होता, आणि तोही पालघरला, म्हणजे कोसबाडच्याच मुलखात. फिरते वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन प्रत्येक मूल तपासील अशी ती योजना आहे. पथक आले आणि गेले. मधल्या सहा महिन्यांत त्या मुलाकडे पाहणारी एकच व्यक्ती उरते, ती सेविका.

आणि तिचे स्थान काय? १९७५ पासून तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. ती नोकर नाही, सेवाभावी स्त्री आहे, ही सरकारची भूमिका. ताराबाई-अनुताईंनी स्वेच्छेने केलेल्या त्यागाचे सरकारने लक्षावधी गरीब बायांकरिता वेतनश्रेणीत रूपांतर केले, असे कोणी म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही. २००६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेही सेविका ही सरकारी पदावर नाही असा निर्णय दिला. पुढे एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदान मिळण्याचा अधिकार आहे असे ठरविले आणि त्यांचे काम हे पूर्ण अर्थाने काम आहे हे मान्य केले.

२०२३ च्या नोव्हेंबरअखेर केंद्र सरकारने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. मूल लवकर हेरावे, त्यास इतर मुलांत सामील करून घ्यावे, घरच्यांस आधार द्यावा, योग्य त्या केंद्राकडे पाठवावे, अशी तीतली अपेक्षा आहे, आणि ती योग्यच आहे. हे सारे करावयाचे सेविकेने. ती जाहीर होऊन आठवडा उलटत नाही तोच ४ डिसेंबरपासून महाराष्ट्रातील अंगणवाड्यांना कुलपे लागली. सेविका व मदतनीस संपावर गेल्या होत्या. वेतनश्रेणी, उपदान आणि निवृत्तिवेतन या त्यांच्या मागण्या. संप सुमारे सात आठवडे चालला.