एक्स-रे नॉर्मल, तरीही संधिवात असू शकतो

सकाळी बोटे अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडलेली राहतात, मूठ वळत नाही, सांधे सुजतात. मुक्ताईनगर परिसरात हे दुखणे पुष्कळदा कापूस वेचण्यावर ढकलले जाते. त्यातच एक्स-रे नॉर्मल आला, की वेदनाशामक गोळ्यांवर महिने निघून जातात.

एक्स-रे का चुकवतो?
रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची सुरुवात सांध्याच्या आतील अस्तराच्या सुजेने होते. हाड नंतर झिजते आणि एक्स-रेत मुख्यतः ती झीजच दिसते.

लवकर काय दिसते?
डॉप्लर सोनोग्राफीत अस्तराची सूज व तेथील वाढलेला रक्तप्रवाह दिसतो. एमआरआयमध्ये हाडाच्या आतील सूजही कळते. मात्र तो प्रत्येकाला लागत नाही. त्यासाठी जळगाव गाठण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

काय करावे?
निदान केवळ चित्रावर होत नाही. सांध्यांची तपासणी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी व सीआरपी यांचीही जोड लागते. चिकुनगुनियानंतरही सांधे असेच दुखतात, म्हणून आधी येऊन गेलेला ताप डॉक्टरांना सांगा. सूज टिकून असेल तर सहा आठवड्यांच्या आत संधिवाततज्ज्ञांना दाखवा. पहिल्या तीन महिन्यांत योग्य औषध सुरू झाले, तर सांधे वाकडे होणे बरेचसे टळते.