द्राक्षवेलीच्या दारी आलेला पाहुणा

नाशिकला येणारा पाहुणा पूर्वी रामकुंडावर स्नान करी, काळारामाचे दर्शन घेई, त्र्यंबकेश्वरी जाऊन येई आणि परतताना चिवड्याचा पुडा व द्राक्षांची पेटी घेऊन घरी जाई. गेल्या वीस वर्षांत या क्रमात एका नव्या स्थळाची भर पडली आहे. ते स्थळ म्हणजे वाइनरी. गंगापूर धरणाच्या परिसरात माघ-फाल्गुनात गेले, तर पुण्यामुंबईकडील कुटुंबेच्या कुटुंबे द्राक्षमळ्यातून हिंडताना, पोलादी टाक्यांपुढे उभी राहून माहिती ऐकताना आणि शेवटी एका लांब टेबलाशी बसून चार-पाच प्रकारच्या वाइनचा घोट घोट चाखताना दिसतात. या दृश्याने काहींना कौतुक वाटते, काहींना विषाद. आम्हांला त्याचा इतिहास तपासावासा वाटला.

या विषयावर दोन मते हटकून ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हे सारे परकीयांचे अनुकरण आहे. आपल्याकडे असले काही नव्हते. दुसरा म्हणतो, द्राक्षासव आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते. यात नवे काय? आमच्या मते दोन्ही पक्ष अर्धेच खरे बोलतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे आणि त्याचे कापिशायन व हारहूरक असे दोन प्रकार दिले आहेत. ही नावे मद्य जिथून येई त्या प्रदेशांची. पैकी कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील काबूलच्या उत्तरेकडचा मुलूख. म्हणजे द्राक्षाचे मद्य माहीत होते खरे, पण ते दूरचे म्हणून माहीत होते. याच प्रकरणात पानगृहाचे वर्णन आहे. तिथे वेगवेगळ्या खोल्या असाव्यात, आसने, सुगंधी द्रव्ये, फुले, पाणी असावे, ऋतुमानाप्रमाणे सुख वाटावे. पुढे असेही सांगितले आहे की, ज्यांचे शुद्ध वर्तन माहीत आहे, त्यांनाच ठरावीक थोडे मद्य बाहेर नेता यावे; इतरांनी तिथेच प्यावे. परवाना, मोजमाप आणि सरकारी देखरेख यांची कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी प्रथम आणली, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

दख्खनकडे वळले तरी हेच दिसते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी प्रवासग्रंथात भडोच बंदरी येणाऱ्या मालात वाइनचा उल्लेख आहे, आणि तीत इटलीच्या वाइनला पसंती असे, असेही म्हटले आहे. त्याच भडोचला पैठण आणि तेर येथून गाड्या भरभरून माल उतरत असे. म्हणजे सातवाहनांच्या महाराष्ट्राने कापड पाठवावे आणि पश्चिमेकडून मद्य बंदरात यावे, असा तो व्यवहार होता. नेवासे येथील उत्खननात, १९५४ ते १९५६ या काळात, अँफोरा नावाच्या उंच कुंभांचे तुकडे सापडले, तेव्हा या व्यापाराला मातीचाच पुरावा मिळाला. भारतात ठिकठिकाणी सापडलेल्या असल्या तुकड्यांपैकी कित्येक रोमन नसून मेसोपोटेमियाकडच्या कुंभांचे आहेत, असे पुढील अभ्यासात दिसून आले. पण कुंभ कुठलाही असो, तो आला समुद्रापलीकडून, हे उरतेच.

तात्पर्य, द्राक्षाचे मद्य दख्खनच्या भूमीत पाहुणा म्हणून आले. या भूमीने स्वतःचे द्राक्ष पिकवावे, त्याचा रस आंबवावा आणि तो पाहायला परगावचा माणूस यावा, ही गोष्ट मात्र अगदी अलीकडची आहे.

नाशिककडे खाण्याच्या द्राक्षाची लागवड विसाव्या शतकात वाढली. या कामी ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांचे नाव आदराने घेतले जाते. पण द्राक्ष वाढत असता मद्यावर बंदी होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. पुढे १९६० नंतर महाराष्ट्रात ती क्रमाने शिथिल झाली. १९८० नंतरच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन करून ती परदेशी धाडली. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून करात सवलती दिल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांची योजना केली. मग एकामागून एक वाइनऱ्या उभ्या राहिल्या.

पण वाइनरीने आपले दार का उघडले? याचे उत्तर आम्हांला कायद्यातच सापडते. मद्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. ज्या समाजाला वाइन म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याला ते सांगायचे कसे? ज्याला बोलता येत नाही, त्याने पाहुण्याला घरी बोलवावे, हाच एक मार्ग उरतो. सामंतांच्या वाइनरीत २००५ साली चाखण्याचे दालन सुरू झाले, आणि इतरांनीही तीच वाट धरली.

या भेटीत पाहण्यासारखे पुष्कळ असते. युरोपात वेल हिवाळ्यात निजतो आणि शरदात फळ देतो. आपल्याकडे वेल कधी पुरता निजतच नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. फळ तयार होते ते जानेवारी ते मार्चमध्ये. मधल्या काळात भुरी, डाऊनी आणि अवकाळी गारपीट यांच्याशी झुंज असते. वाइनचे द्राक्ष खाण्याच्या द्राक्षाहून बारीक, जाड सालीचे आणि बियांचे. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून लगेच वेगळा करतात. तांबडीसाठी सालीसकट आंबवतात, कारण रंग सालीत असतो. चाखताना आधी पेला उजेडात धरून रंग पाहायचा, मग वास घ्यायचा, मग घोट जिभेवर फिरवायचा. जाणकार तो गिळतही नाही. शेजारच्या पिकदाणीत टाकतो. पिण्यापेक्षा पारखण्याला इथे महत्त्व आहे, निदान असावे.

परंतु या टेबलाशी जे सांगितले जात नाही, ते इतिहासाने सांगावे. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा घेतो. कोणीच न घेतले तर त्याचा बेदाणा होतो. वाइनच्या द्राक्षाला ही सोय नाही. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही, बियांमुळे बेदाणा नाही. त्याला एकच दार आणि ते वाइनरीचे. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदी आली, त्यातच मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला; पर्यटक आणि हॉटेलांची मागणी घटली. टाक्या भरलेल्या, नवा माल घेणार कोण? अनेक शेतकऱ्यांना आपल्या हाताने लावलेल्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. वेल मांडवावर चढायला आणि भरायला काही वर्षे लागतात. कुऱ्हाडीला एक सकाळ पुरते.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा राज्यभर वाद पेटला. समर्थक म्हणाले, शेतकऱ्याचे हित. विरोधक म्हणाले, घराघराचे अहित. सरकारने हरकती मागविल्या आणि निर्णय अडकून पडला. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या भीतीला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. आमची तक्रार वेगळी आहे. दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव घेतले, पण एकाच दाराशी बांधलेल्या त्या वेलाचा धोका कोणी वाटून घ्यावा, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

तेव्हा वाइनरी पाहायला जावे की न जावे, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे. जो जाईल त्याला आमची एकच विनंती आहे. पेला हाती घेण्यापूर्वी त्याने मळ्याच्या टोकापर्यंत चालत जावे, आणि हे द्राक्ष कोणाच्या शेतातले, त्याला भाव किती मिळाला आणि पुढच्या वर्षी ते कोण घेणार, एवढे तीन प्रश्न विचारावेत. कौटिल्याच्या सुराध्यक्षाने हिशेब विचारला असता. आपण नागरिकांनी का विचारू नये?