पाटा, पीळ आणि स्प्रिंग

परतीचा पाऊस पडून गेला की मराठवाड्यातल्या बेंबळीच्या शिवारातून सोयाबीनची पोती घेऊन निघालेली गाडी नीट पाहावी. काळ्या रानातल्या गाडीवाटेला खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात. एक पुढचं चाक चाकोरीत उतरतं, दुसरं बांधावर चढतं आणि गाडी तिरकी होते. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळत असली, तरी एखादं चाक अधांतरी राहिलं की ती ताकद तिथंच गरगरून वाया जाते. चाक जमिनीला टेकवून ठेवायचं काम पुढच्या सस्पेन्शनचं. ते कसं असावं, यावर ऐंशी वर्षं वाद चालू आहे आणि त्यातले बरेच टप्पे माझगाव, नाशिक, पुणे इथं घडलेले आहेत.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे पाटा. जुन्या बैलगाडीला कणा थेट साट्याखाली असे. दगडावरून चाक गेलं की धक्का सरळ माणसाच्या मणक्यात. लंडनच्या ओबाडिया इलियटने १८०४ मध्ये पोलादी पट्ट्यांच्या लंबगोल स्प्रिंगचं पेटंट घेतलं आणि घोडागाड्यांचा प्रवास सुसह्य झाला. आपल्याकडचा टांगा अशाच पाट्यांवर डुलत चालायचा. पुढे मोटारीनेही तेच उचललं.

१९४१ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी विलीज जीप तयार झाली, तेव्हा पुढेही आणि मागेही तीच रचना होती: एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग ॲक्सल आणि त्याच्या दोन्ही टोकांना पाटे. पाटा एकटाच तीन कामं करतो. तो वजन पेलतो, ॲक्सल जागेवर धरतो, आणि त्याची पानं एकमेकांवर घासत असल्यामुळे गाडीची उसळीही थोडी जिरवतो. बाकीची उसळी शॉकअप जिरवतो. इतकी कमी सामग्री लागणारी दुसरी रचना आजही नाही.

हीच जीप स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्राने मुंबईत माझगावला जोडायला घेतली. पुढची कित्येक दशकं तिच्या वंशातल्या गाड्या खेड्यापाड्यांत पोचल्या. फोर बाय फोर नसलेल्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्याही याच कुळातल्या. पाटा तुटला तर तालुक्याच्या गावी दुसरा मिळायचा, आणि दबलेल्या पाट्याला ठोकून पुन्हा कमान आणणारे हातही तिथंच होते. मराठवाड्यातल्या माणसाने या गाडीवर विश्वास टाकला तो याच जोरावर.

सलग ॲक्सलचा खरा गुण चाकोरीत दिसतो. एक चाक वर गेलं की तोच ॲक्सल तराजूच्या दांडीसारखा कलून दुसऱ्या चाकाला खाली दाबतो. दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियलचा गोळाही चाकांबरोबरच वर चढतो, त्यामुळे दगड आणि गोळा यांच्यातलं अंतर फारसं कमी होत नाही. अवगुण डांबरी रस्त्यावर कळतो. डाव्या चाकाला बसलेला धक्का उजव्यालाही पोचतो, आणि इतकं जड लोखंड खालीवर नाचत असल्याने वेगात स्टिअरिंग थरथरतं.

मोटारकारवाल्यांनी यावर तोडगा लवकर काढला. १९३३ च्या मर्सिडीज ३८० मध्ये पुढची दोन्ही चाकं वेगवेगळ्या हातांवर, गोल स्प्रिंगवर बसवली गेली. त्याआधी १९३१ मध्ये पोर्शेने टॉर्शन बारचं पेटंट घेतलं होतं. ही पोलादाची सरळ कांब. चाक वर गेलं की तिला पीळ बसतो आणि पीळ सुटताना चाक खाली येतं. जागा थोडी लागते, आणि बोल्ट आवळून गाडीची उंचीही बदलता येते.

मग फोर बाय फोर मागे का राहिली? तिच्या पुढच्या चाकांना वळायचंही असतं आणि ओढायचंही. चाकं सुटी केली, तर डिफरन्शियल चासीला बांधून तिथून दोन्हीकडे सांध्यांचे शाफ्ट न्यावे लागतात. फोर्डने १९८० मध्ये मधला मार्ग काढला. ॲक्सलचे दोन तुकडे करून प्रत्येकाला आपापली खुंटी दिली. टोयोटाच्या हायलक्स पिकअपने १९८० च्या दशकाच्या मध्यावर सलग ॲक्सल सोडून टॉर्शन बार धरला. रेंज रोव्हरने मात्र १९७० मध्येच वेगळी वाट धरली होती: ॲक्सल सलगच ठेवायचा आणि पाट्यांच्या जागी गोल स्प्रिंग घालायचे. गोल स्प्रिंगला ॲक्सल धरून ठेवता येत नाही, म्हणून जोडीला आधाराच्या दांड्या आल्या.

हे सगळं महाराष्ट्रात पुन्हा घडलं. जुन्या जीपच्या जागी २०१० मध्ये महिंद्राची थार आली, ती पुढे पिळाच्या कांबेवर आणि मागे पाट्यांवर. २०२० च्या थारमध्ये, जी नाशिकला बनते, पुढे दुहेरी हात आणि गोल स्प्रिंग आले. मागचे पाटेही गेले. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गोष्ट अधिक बोलकी आहे. २०१८ च्या गुरखा एक्स्ट्रीमला पुढेही सलग ॲक्सल होता, गोल स्प्रिंगवर. २०२१ च्या नव्या गुरख्याने तो सोडला आणि पुढची चाकं सुटी केली. लॉक होणारी डिफरन्शियल मात्र पुढे आणि मागे कायम ठेवली. एक चाक उचललं गेलं तरी दुसरं ओढत राहतं, म्हणजे सलग ॲक्सल जाताना झालेला तोटा बराचसा भरून निघतो. हा बदल योग्यच आहे, कारण आजची गाडी शेतातून निघून तासाभरात सोलापूरच्या हमरस्त्यावर धावते.

पण दिवसभर ओझं घेऊन चिखलातच राहणाऱ्या गाडीसाठी सलग ॲक्सलला अजून तोड नाही. जुनी फोर बाय फोर घ्यायला निघालात, तर रंग आणि टायर नंतर पाहा. आधी खाली वाका आणि पुढच्या चाकांच्या मध्ये बघा. एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत सलग लोखंड दिसलं, तर ती गाडी रानाची. दोन्ही बाजूंना रबरी बूट चढवलेले सुटे शाफ्ट दिसले, तर आधी ते बूट फाटलेत का तपासा; फाटक्या बुटातून काळी माती आत गेली की सांधा फार दिवस टिकत नाही.