शंभरात चार, पण कुठल्या शंभरात?

हार्वर्डला अर्ज करणाऱ्या शंभरांतून जेमतेम तीन-चार जणांनाच प्रवेश मिळतो, हे वाक्य आता बारावीच्या मुलांच्या घरांत पाठ झालेले असते. आयआयटीची गोष्ट फार वेगळी नाही. २०२४ साली जेईई मेनला चौदा लाखांवर मुले बसली आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा होत्या साडेसतरा हजारांच्या थोड्या वर. आकडे खरे आहेत, पण ते दाराशी येऊन उभे राहिलेल्यांचे आहेत. दारापर्यंत कोण पोचले आणि कोणाला दार आहे हेच कळले नाही, याचा हिशेब त्यांत नाही. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्याचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. धरण, सत्याग्रह, आयटी पार्क, खाजगी विद्यापीठे आणि जगभरची मुले जिथे शिकतात असे एक महाविद्यालय, एवढे सगळे या एका तालुक्यात आहे. त्यावरून मला जे दिसते ते असे : प्रवेशाची शक्यता आपण मुलाच्या अंगचा गुण म्हणून मोजतो; प्रत्यक्षात ती कोणीतरी आधीच बांधून ठेवलेल्या वाटेवर अवलंबून असते, आणि त्या वाटेचे तोंड कुठे ठेवायचे हे बांधणारा ठरवतो.

सुरुवात मुंबई विद्यापीठापासून करावी लागते. विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. १३२ जण बसले, २२ उत्तीर्ण झाले. १८६२ साली बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. बावीस भागिले एकशे बत्तीस म्हणजे सहात एक, आजच्या मानाने उदारच म्हणायचे. पण मुंबई इलाख्यातल्या लक्षावधी मुलांतून ते १३२ कसे निघाले हा प्रश्न त्या भागाकारात येत नाही. तो जोतीराव फुल्यांनी विचारला. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरळ मांडले की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वर शिकलेल्यांकडून ज्ञान आपोआप खाली झिरपेल ही आशा फोल आहे, आधी गावोगावी प्राथमिक शाळा काढा. पुढे तीस वर्षांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ साली केंद्रीय कायदेमंडळाने फेटाळले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ती सक्ती आणली, पण ते संस्थान होते. ब्रिटिश मुलखातल्या मावळी खेड्यांना तिचा उपयोग नव्हता.

अशा काळात परदेशी विद्यापीठ गाठायचे तर बुद्धीइतकाच दाता लागे. पारनेरच्या बेताच्या परिस्थितीतल्या घरात १८८० साली जन्मलेले पांडुरंग महादेव बापट डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले आणि मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर १९०४ साली एडिंबरोला अभियांत्रिकी शिकायला गेले. तिथे ब्रिटिश राजवटीविरुद्ध जाहीर भाषण केले आणि शिष्यवृत्ती गेली. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोचले ते बडोद्याच्या सयाजीरावांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांवर. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यासाठी लिहून द्यावा लागला होता, आणि १९१७ साली मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. दोघेही असामान्य होते, यात वाद नाही. पण दोघांच्याही शिक्षणाची दोरी दुसऱ्याच्या हातात होती. एकाची ती मताबद्दल कापली गेली, दुसऱ्याची तारखेबद्दल. अशा उदाहरणांवरून ‘हुशार असला की कुठूनही वर येतो’ असा निष्कर्ष काढायची आपल्याला फार हौस. जे पोचले त्यांची चरित्रे आपण वाचतो. त्याच वकुबाच्या किती जणांना कुठलाच मंगळदास भेटला नाही, त्यांचे चरित्र लिहिणार कोण?

हेच बापट पुढे मुळशीत आले आणि सेनापती झाले. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर टाटा पॉवर कंपनीने धरण बांधायला घेतले. पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून वीज मुंबईला न्यायची होती. बुडणार होती बावन्न गावे आणि आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे, उठणार होते सुमारे अकरा हजार लोक. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव अशी माणसे त्यात उतरली. १९२४ अखेर तो मोडला, बापटांना लांबची शिक्षा झाली आणि धरण उभे राहिले. शिक्षणाच्या इतिहासाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारेल. संबंध दोन ठिकाणी आहे. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या, त्यामुळे नुकसानभरपाईतला मोठा वाटा कसणाऱ्याऐवजी सावकाराकडे गेला. म्हणजे एका पिढीची जमीन गेली आणि जमिनीच्या बदल्यात पुढच्या पिढीला शिकवायला जो पैसा हाती यायचा तोही नीट आला नाही. मावळ-मुळशीतली माणसे मुंबईत हमाली, गिरणी आणि डबेवाल्यांचा धंदा करत राहिली याची कारणे आणखीही आहेत, पण त्यांत हे एक धरावेच लागेल. दुसरा संबंध जरा अवघड आहे. परदेशी उच्च शिक्षणासाठी हिंदी तरुणांना कर्ज देणारा निधी जमशेटजी टाटांनी १८९२ सालीच काढला होता आणि तो त्या काळच्या सर्वांत दूरदृष्टीच्या दानांपैकी एक होता. एकाच घराण्याच्या नावाखाली विलायतेची वाट उघडणारे दान आणि खोरे बुडवणारा प्रकल्प असे दोन्ही उभे राहिले. यात दांभिकता शोधायचे कारण नाही. देश उभारायचा तर अभियंते हवेत आणि वीजही हवी, असा तो सरळ विचार होता. फक्त अभियंता कोणाचा मुलगा होईल आणि विजेसाठी कोणाचे शेत जाईल, याची विभागणी आपोआप ठरून गेली होती.

स्वातंत्र्यानंतरचे चित्र पुष्कळ बदलले आणि ते मान्य केले पाहिजे. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासांना फीमाफी मिळाली, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, शाळा वाडीपर्यंत गेल्या. ग्रामीण भागातली हुशार मुले वेचून काढायची यंत्रणाही उभी राहिली : चौथी-सातवीची, मधली काही वर्षे पाचवी-आठवीची, स्कॉलरशिप परीक्षा, १९६१ चे साताऱ्याचे सैनिक स्कूल, पुसेगावसारखी शासकीय विद्यानिकेतने, आणि पुढे नवोदय विद्यालये. पुणे जिल्ह्याचे नवोदय शिरूर तालुक्यात पिंपळे जगतापला आहे. सहावीला सगळ्या जिल्ह्यातून ऐंशी मुले घेतात, त्यांत किमान पाऊणशे टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. या शाळांनी अनेकांचे आयुष्य बदलले. पण ‘वेचणे’ ही त्यांची मूळ कल्पना आहे. वेचण्यात उरलेल्यांचे काय, याचे उत्तर नसते. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा जागा भराभर वाढल्या. त्या कोणासाठी वाढल्या हे फीच्या आकड्याने ठरले.

१९९७ साली पौडजवळ खुबवलीच्या डोंगरावर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. वास्तुरचना ख्रिस्तोफर बेनिंजरांची, अभ्यासक्रम इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, मुले अनेक देशांची. युनायटेड वर्ल्ड कॉलेजची (यूडब्ल्यूसी) मूळ कल्पना कुर्ट हान यांची. १९६२ साली वेल्समध्ये पहिले निघाले, महायुद्धानंतरच्या जगात वेगवेगळ्या देशांची मुले एकत्र राहिली तर पुढची युद्धे टळतील या विश्वासावर. मग २००० साली शेल्बी डेव्हिस या अमेरिकन गुंतवणूकदाराने एक योजना काढली. यूडब्ल्यूसीमधून निघालेल्या मुलाला प्रिन्स्टन, मिडलबरी, वेलस्ली, कोल्बी आणि कॉलेज ऑफ द अटलांटिक या पाचांपैकी कुठे प्रवेश मिळाला, तर त्याच्या आर्थिक मदतीसाठी पैसा थेट त्या महाविद्यालयाला जाई. पुढे यादी वाढत गेली. या योजनेची खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. परदेशातून येणाऱ्या गरजू मुलाला घेताना बहुतेक अमेरिकन महाविद्यालये त्याचा खर्च आपल्याला झेपेल का ते पाहतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकीच त्याकडे न पाहता निवड करतात. डेव्हिस योजनेने ती अडचणच कमी केली. म्हणजे खुबवलीच्या डोंगरावरचे मूल आणि त्याच्याच गुणांचे डोंगराखालचे मूल यांच्या शक्यतेत जो फरक पडतो, त्याचा मोठा भाग कोणी परदेशी माणसाने केलेल्या तरतुदीचा आहे. १९०४ सालच्या मंगळदास नथुभाईंचेच काम हे, फक्त हजारपटीने मोठे आणि बिनअटीचे.

यावर कोणी म्हणेल की हे महाविद्यालय काही मुळशीसाठी काढलेले नाही. देशभरातून निवड होते, गरजेप्रमाणे शिष्यवृत्ती मिळते, तालुक्याला झुकते माप का द्यावे? आक्षेप बरोबर आहे, आणि महाविद्यालयाला दोष देण्यात मलाही रस नाही. पण त्याच्या निवडीत उतरायला जे लागते ते म्हणजे इंग्रजीतून मोकळेपणाने बोलता येणे, आपल्याबद्दल लिहिता येणे आणि असे काही आहे हे वेळेत कळणे. तिन्ही गोष्टी घरातून किंवा शाळेतून याव्या लागतात. मग खुल्या परीक्षेचा पुरस्कार करणारे म्हणतील, म्हणूनच आयआयटीची पद्धत चांगली, पेपर सर्वांना सारखाच. पेपर सारखा आहे, भाषा मात्र पुरती सारखी नाही. जेईई मेन २०२१ पासून मराठीत देता येते. जेईई ॲडव्हान्स्ड अजून फक्त इंग्रजी आणि हिंदीत होते. राज्याच्या सीईटीतही गणित इंग्रजीतच. कोचिंगचा खर्च यात धरलेलाच नाही. आणि अमेरिकेतही हेच दिसते : राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांच्या २०२३ च्या अभ्यासात, परीक्षेचे गुण सारखे असतानाही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुले अत्युच्च महाविद्यालयांत मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात पोचत होती.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. हिंजवडीचा आयटी पार्क आला, लवळ्याला सिम्बायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठे आली, जमिनींना सोन्याचा भाव आला. मुळशीकराच्या हाती पैसा आला की शिक्षणही येणारच. काही घरांत ते आलेही. पण २०१८ सालचा प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ एवढा चालला, त्यामागे लोकांना ओळखीचे वाटलेले काहीतरी होते : जमीन विकून आलेला पैसा गाडी-बंगल्यात गेला आणि पोरे भलत्याच धंद्याला लागली. चित्रपट हा पुरावा नव्हे. तरी एवढे म्हणता येते की १९२१ साली सावकाराने अडवलेला पैसा आणि २००० नंतर एका फटक्यात आलेला पैसा, दोन्हींत शिक्षणाकडे जाणारी वाट कोणी आखून दिलेली नव्हती. पैसा आपण होऊन शाळेत जात नाही.

ती वाट कशी आखता येते याचे उदाहरण याच महाराष्ट्रात आहे. राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मोठा आधार देते, पण ती आधी नावाजलेल्या विद्यापीठात प्रवेश मिळवलेल्यांसाठी आणि तीही पदव्युत्तर व पीएच. डी.साठी. प्रवेश मिळेपर्यंतचा टप्पा मोकळाच राहतो. विदर्भात राजू केंद्रे यांनी सुरू केलेल्या ‘एकलव्य’ने नेमका तो टप्पा धरला : पहिल्या पिढीतल्या मुलांना कुठे अर्ज करायचा, निवेदन कसे लिहायचे, शिफारसपत्र कोणाकडे मागायचे हे शिकवणे. मुळशीत यासाठी नवी इमारतही लागणार नाही. खुबवलीचे आणि लवळ्याचे विद्यार्थी तालुक्यातच आहेत, आणि आठवी ते दहावीची मराठी शाळांतली मुलेही तालुक्यातच आहेत.